शेवटच्या कडव्यातलं नाव

तंजावुरात वकिली करायची म्हणजे मुख्यतः पाण्याची वकिली करायची. कालव्याचं पाणी आधी कोणाच्या शेतात सुटायचं, बांधावरच्या माडाचा नारळ पलीकडे पडला तर तो कोणाचा, ओरत्तनाडच्या अन्नछत्राची जमीन कसणारा माणूस कूळ की नोकर, असल्या भांडणांवर माझं घर चाललं. तेव्हा संपादकांनी 'तुमच्या त्या आंतरराष्ट्रीय प्रकरणाबद्दल दिवाळीला लिहा' म्हणून कळवलं आणि आमची कमळा खो खो हसत सुटली. "आंतरराष्ट्रीय? अहो, ते आपल्या तिण्णैवर सुरू झालं आणि अक्काच्या तिण्णैवर संपलं!" तिण्णै म्हणजे घरापुढचा रस्त्याकडे तोंड केलेला ओटा. बायको खरं बोलते तेव्हा उलटतपासणी घेऊ नये, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो. पण त्या दोन ओट्यांच्या मधल्या काळात मला जे हादरे बसले ते सबंध वकिलीत बसले नाहीत.

माझ्या मराठीला सांभाळून घ्या. आम्ही घरात मराठी बोलतो, कोर्टात इंग्रजी आणि भांडताना तमिळ. कमळेचं बोलणं मी तुमच्यासाठी जरा सरळ करून लिहिलं आहे. कावेरीअक्काचं मात्र होतं तसंच ठेवलं आहे, त्यावर हात फिरवायचा मला हक्क नाही.

लेखकाच्या हक्काची पहिली भानगड माझ्याकडे आणली ती कुंभकोणम्‌च्या एका प्रकाशकाने. त्याने एक इंग्रजी गुप्तहेरकथा उचलून तमिळमध्ये आणली होती. गुप्तहेराच्या कपाळावर नाम ओढलं, त्याला कापी, म्हणजे आमची कॉफी, प्यायला लावली आणि खून थेम्सऐवजी कावेरीच्या घाटावर पाडला. लंडनहून मूळ लेखकाच्या वकिलाचं पत्र आलं तेव्हा हा बापडा भडकून माझ्याकडे. "सार, सत्तेचाळीस साली गेला ना साहेब? मग आता कसला हक्क सांगतो?"

मी कपाळाला हात लावला. स्वातंत्र्य म्हणजे परक्याचं पुस्तक फुकट, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. मग त्याला समजवायचं म्हणून मीच आधी वाचायला बसलो, आणि सांगतो, शेतीचे दावे लढवून आंबलेल्या माझ्या डोक्याला त्या वाचनाने गोडी लागली.

गोष्ट अशी आहे. गेल्या शतकात युरोपातल्या काही देशांनी स्वित्झर्लंडमध्ये बर्न नावाच्या गावी बसून करार केला, की तुमच्या लेखकाला आम्ही आमच्या लेखकासारखं वागवू, तुम्ही आमच्याला तुमच्यासारखं वागवा. हिंदुस्थान त्यात इंग्रजांच्या काळापासून होता आणि स्वतंत्र झाल्यावर स्वखुशीने राहिला. पुढे जिनिव्हाचा आणखी एक करार झाला, पुस्तकावर वर्तुळातला 'सी' छापतात तो त्याचा. पण मला भुरळ घातली बर्नने. त्याचं म्हणणं, माणसाने गाणं रचलं की त्या क्षणी ते त्याचं. नोंदणी नको, शिक्का नको, मामलेदाराची सही नको. हक्क कर्त्याच्या हयातीत त्याचा, आणि मेल्यावरही पन्नास वर्षं वारसांचा. ज्या देशात बापाची विहीर स्वतःची ठरवायला मुलाला तीन कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात, तिथे असा कायदा! मी जो भेटेल त्याला हे सांगत सुटलो. तिण्णैवर भाजी निवडणाऱ्या बायकांनासुद्धा. त्यात कावेरीअक्का असायची.

कावेरीअक्का आमच्या मेलवीथी गल्लीतली, आठ घरं पलीकडची. हरिकथा करायची. उभं राहून, चिपळ्या घेऊन, मराठी साक्या-दिंड्या गायच्या आणि मधलं निरूपण तमिळमध्ये करायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या लहानपणी तिच्या दारातल्या पेरूवर माझा डोळा असायचा, तेव्हापासून ती मला 'रघू' म्हणे. गाऊन चढवून कोर्टात निघालो तरी "रघू, कावळ्यावाणी दिसतोस" म्हणून हाक मारायला कमी करायची नाही. तिला एकच मुलगी झाली होती, तुंगा. ती रांगत असतानाच तापाने गेली. त्या मुलीसाठी अक्काने एक पाळणा रचला होता. मुलगी गेल्यावर तो तिने कृष्णजन्माच्या कथेत घातला आणि गोकुळाष्टमीला मठात गाऊ लागली. सगळ्या मेलवीथीला ठाऊक होतं की तो पाळणा कृष्णाचा नव्हे, तुंगेचा. बोलून कोणी दाखवत नसे.

आता एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या हरिकथेच्या घराण्यात मात्र रचणाऱ्याने स्वतःचं नाव घालायचं नाही, मूळ गुरूचं घालायचं. हे गुरू म्हणजे विश्वंभरबुवा, माझ्या आजोबांच्या जन्माआधी समाधिस्थ झालेले; मठ त्यांचाच. त्यामुळे अक्काच्या पाळण्याचा शेवट असा:

विश्वंभर म्हणे, नीज ना रे बाळा,
दोरी हातची सोडाया जीव नाही झाला.

पन्नासच्या दशकात कधीतरी एक गोरा मनुष्य तंजावुरात आला. सडपातळ, घामाने निथळणारा, मोडकं तमिळ बोलणारा. बैलगाडीत टेपरेकॉर्डर घालून गावोगाव फिरे आणि गाणी साठवी. लोक त्याला 'टेपवाले दुरै' म्हणत. दुरै म्हणजे साहेब. अक्काकडे दोन सकाळी बसून त्याने कथेतली पदं घेतली, पाळणाही घेतला, नमस्कार करून गेला आणि आम्ही त्याला विसरलो.

काही वर्षांनी माझा भाचा लंडनहून डॉक्टर होऊन परतला. येताना ग्रामोफोन आणि रेकॉर्डी घेऊन आला. आमच्या तिण्णैवर यंत्र मांडून बसला, म्हणाला, "मामा, गंमत ऐका. तिकडच्या दुकानात मिळाली." सुई टेकली, आधी कुठला तरी मृदंग वाजला, आणि मग कावेरीअक्काचा आवाज आला. समोर अक्का बसलेली आणि आवाज यंत्रातून! अक्काचे हात सुपातच थांबले.

"माझा आवाज का हा? इतकी म्हातारी झालें मी?" म्हणाली, आणि चक्क खूष झाली.

मी रेकॉर्डचं वेष्टन उलटून वाचलं. अक्काचं नाव कुठेच नाही. 'परंपरागत पाळणा', खाली 'संकलन व मांडणी' म्हणून दुरैंचं नाव, आणि त्याखाली तो वर्तुळातला 'सी'. माझ्या लाडक्या करारांनी दिलेलं चिन्ह, आणि ते चिकटलं होतं तुंगेच्या पाळण्याला. अक्का म्हणाली, "राहूं दे रे. कोठें तरी वाजतो आहे न? पुरे."

पण एवढ्यावर भागलं नाही. मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीने अक्काला बोलावलं. तिच्या पदांची तबकडी काढायची होती. मी सोबत गेलो. अक्काने नवीन नऊवारी काढलेली, आगगाडीभर पाळणा गुणगुणत होती. तिला बाकीच्या पदांशी कर्तव्य नव्हतं, पाळणा मात्र तबकडीत जायला हवा होता. "मी गेल्यावर अष्टमीस कोण गाईल? यंत्र तरी गाईल," एवढंच तिचं गणित. मॅनेजरने यादी पाहिली, पाळण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अम्मा, हा नको. हा परदेशी कंपनीच्या नावे आहे. तुम्हाला गायचा असेल तर त्यांची परवानगी आणा."

अक्काला वाटलं आपल्याला तमिळ नीट कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मॅनेजरला म्हणालो, "अहो, हा यांचा पाळणा आहे. यांनी रचलाय!" तो म्हणाला, "असेल सार. पण कागद तसं म्हणत नाही."

बोंबला! आईने स्वतःच्या लेकराचा पाळणा गायला सातासमुद्रापलीकडून परवानगी आणायची! मी त्या खोलीत इतका ओरडलो की बाहेरचा वादकवृंद आत डोकावला. अक्का मात्र उठली. बाकीची पदंही गायली नाही. परतीच्या गाडीत तिने खिडकीकडे तोंड केलं ते तंजावूर येईपर्यंत. उतरताना एवढंच म्हणाली, "रघू, तो तुझा कायदा, रचलें कीं त्या क्षणीं आपलें म्हणत होतास, तो हाच का?"

मला ते लाथ बसल्यासारखं लागलं. दुसऱ्याच दिवशी मी नोटीस धाडली. बर्नचा करार, आपला नवा कायदा, सगळा दारूगोळा भरला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असला मामला मी चालू देणार नव्हतो. भाताच्या पिशवीवरून भांडणारा मी, आता एका परदेशी कंपनीच्या अंगावर निघालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मिशीला पीळही भरत होतो.

उत्तर आलं ते अतिशय सभ्य. कंपनी आणि दुरै यांच्या वकिलाने लिहिलं होतं, की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गायिका स्वतःच कर्त्याचं नाव सांगते: विश्वंभर. हे गृहस्थ शतकापूर्वी वारल्याचं आमच्या अशिलाने तंजावुरातच चौकशी करून टिपलं आहे. तेव्हा मूळ गाणं सर्वांचं आहे, आणि अशिलाची मांडणी तेवढी त्याची. खाली आधार दिला होता, बर्न कराराचाच. कृतीवर रूढ पद्धतीने ज्याचं नाव असेल तोच तिचा कर्ता धरावा, उलट पुरावा येईपर्यंत.

पायाखालची वाळू सरकली. लेखकाला कोणी लुबाडू नये म्हणून घातलेलं कलम! युरोपातल्या शहाण्यांनी सगळ्या तऱ्हेचे चोर ध्यानात घेतले होते. पण एखादी बाई आपणहून आपल्या गाण्याला दुसऱ्याचं नाव देईल आणि त्यालाच पुण्य समजेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

तरी वाट होती. 'उलट पुरावा येईपर्यंत' हे शब्द माझ्या हातात होते. अक्काने प्रतिज्ञापत्र करायचं, की हा पाळणा मी रचला. साक्षीला सारी मेलवीथी उभी केली असती. शिवाय गाणंच ओरडून सांगत होतं. कुठला बुवा पाळण्याची दोरी हातात धरून बसला होता? मी कागद टाइप करून अक्काच्या तिण्णैवर गेलो. कमळाही आली होती, आत दाराशी बसली.

"सही तेवढी करा," मी म्हणालो.

"काय लिहिलें आहे?"

"हेच, की पाळणा विश्वंभरबुवांचा नाही, तुमचा आहे."

"नाहीं करत."

मला वाटलं, गुरुभक्ती. मी समजावलं, बुवांचा अपमान नाही, बुवा कुठे जात नाहीत, देव पाहतो वगैरे. अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "रघू, मी हा माझा म्हटला, तर तो तिकडचा वकील विचारील, मग बुवांचीं दुसरीं पदें तरी बुवांचीं काय?"

"विचारू दे."

"मग काय सांगूं? द्रौपदीचा धावा माझ्या सासूचा. सुदाम्याची साकी तिच्या सासूची. रुक्मिणीची दिंडी सासूच्या नणंदेची, बालविधवा होती बिचारी, माजघराच्या बाहेर आली नाहीं कधीं."

बुवांच्या पुण्यतिथीला मी दरवर्षी मठात पंगतीला बसत आलो होतो. त्यांच्या तसबिरीला हार घातले होते. "मग बुवांचं काय?" मी विचारलं.

अक्काने सुपातला एक खडा वेचून टाकला. "आरंभींचा श्लोक त्यांचा म्हणत. असेल."

"अक्का!"

"ओरडूं नको. बाईनें रचलें म्हटलें असतें तर मठांत कोणी गाऊं दिलें असतें? बुवांची छत्री धरली आणि सगळ्या खालीं उभ्या राहिल्या. तिची एक काडी ओढलीस, तर सगळ्या भिजतील."

"आता पाऊस थांबला आहे, अक्का."

"तुझ्या कोर्टांत थांबला असेल."

मी चिडलो. हो, चिडलो! एवढी मोठी लबाडी, आणि तीही स्वतःविरुद्ध केलेली! मी म्हणालो, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या एका माणसाला फुकटचं मोठं केलंत, आणि आता तो मेलेला माणूस तुमच्या लेकीचा पाळणा घेऊन चाललाय. बोलल्यावर जीभ चावली. अक्काने सूप उचललं आणि आत गेली. कमळा माझ्यावर डोळे वटारून तिच्या मागे गेली.

मग टेपवाले दुरै आले. माझी नोटीस वाचून स्वतः आले, वकिलाला न घेता. मी त्यांच्यासाठी शिव्या तीन भाषांत तयार ठेवल्या होत्या. ते बूट रस्त्यावर काढून अक्काच्या तिण्णैवर चढले आणि माझ्याआधी तेच बोलले. चेहरा पांढराफटक. "अम्मा, मी तुम्हाला विचारलं होतं, हे गाणं कोणाचं? तुम्ही म्हणालात, विश्वंभरबुवांचं."

"विचारलें होतें," अक्का मला म्हणाली. "मी सांगितलें."

झालं! ज्याला चोर समजून मी वर्षभर दात ओठ खात होतो, त्याने आधी विचारलं होतं आणि ऐकलं तेच लिहून घेतलं होतं. गायिकेचं नाव न छापल्याबद्दल आणि हक्काचा शिक्का मारल्याबद्दल मी त्यांना बोललो, आणि ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अम्मा, आता सांगा. तुम्ही म्हणाल ते नाव छापतो. वकील नको, कोर्ट नको. एकदा म्हणा, माझा आहे."

अक्काने रस्त्यावर उभ्या गाडीकडे पाहिलं. मग विचारलं, "तें यंत्र आणलें आहे?"

आणलं होतं. गाडीतून उतरवून दुरैंनी ते तिण्णैवर मांडलं, तार आत नेली, चक्रं फिरू लागली. अक्काने पदर सावरला आणि पाळणा म्हटला. सगळी कडवी, सावकाश. मी कापीचा टंबळर तोंडाला लावला होता. शेवटचं कडवं आलं.

कावेरी म्हणे, नीज ना रे बाळा,
दोरी हातची सोडाया जीव नाही झाला.

टंबळर माझ्या हातातून पडला. कापी धोतरावर सांडली, पोळली असणार, मला कळलंही नाही. अक्काच्या सोबतीला आलेल्या कमळेने दारामागे तोंडावर हात दाबल्याचं मला दिसलं. इतक्या वर्षांत त्या ओळीत ते नाव कोणी ऐकलं नव्हतं, अक्कानेसुद्धा नाही.

"परत ऐकव," ती दुरैंना म्हणाली.

त्यांनी ऐकवलं. अक्का डोळे मिटून बसली होती. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिची मान जराशी हलली, कोणी हाक मारल्यावर हलते तशी. टेप संपली. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आतां पूस."

"नाही!" मी ताडकन उठलो. "अक्का, हा पुरावा आहे! दुरै, हात लावू नका!"

"रघू, तूं वकील कोणाचा? माझा न?"

"तुमचा."

"मग गप बस."

वकिलाने पक्षकाराला सल्ला द्यावा, पण शेवटी पक्षकार म्हणेल तसं करावं. माझ्या धंद्याचा हा पहिला नियम. तो पाळायला इतकं जड मला कधी गेलं नाही. दुरैंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि टेप मागे नेऊन पुन्हा रेकॉर्डिंगची कळ दाबली. रस्त्यावरून कीरै, म्हणजे पालेभाजी, विकणारी बाई ओरडत गेली. कावेरीअक्काच्या नावावर तिची आरोळी बसली, मग एक सायकलची घंटा, मग कावळे. दुरैंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्काच्या नाही.

"एकदां ऐकायचें होतें," ती म्हणाली. "ऐकलें."

प्रकरण मिटलं. दुरैंनी आपला हक्क सोडला, नव्या वेष्टनावर 'रचना: विश्वंभरबुवा, गायन: कावेरीबाई' असं छापलं. बुवांना जाऊन शतक उलटलेलं, म्हणजे पाळणा सर्वांचा झाला, आणि सर्वांचा म्हणून तो गायला अक्कालाही कोणाची परवानगी लागेना. मद्रासच्या मॅनेजरने तो मुकाट्याने उतरवून घेतला. कायद्याच्या दृष्टीने मी हरलो होतो आणि माझी पक्षकार जिंकून बसली होती. कोर्टात कोणी विचारलं तर मी विषय बदलत असे. अजून कधी कधी वाटतं, ती टेप हिसकावून घ्यायला हवी होती.

अक्का पुढे काही वर्षांनी गेली. त्या साली अष्टमीला मठात तबकडी लावायचं ठरलं होतं, ती म्हणाली होती तसंच. पण वीज गेली. पाळणा तर व्हायला हवा, कृष्ण जन्माला आलेला! पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. आमची कमळा. घरात देवापुढे आरतीशिवाय कधी सूर न लावणारी कमळा भर मठात पाळणा म्हणत होती, समोर बुवांची तसबीर. बरी म्हणत होती. शेवटच्या कडव्याला काय येणार ते मला आधीच कळलं.

कावेरी म्हणे, नीज ना रे बाळा.

आता मठाचे वडीलधारे उठणार, आरडाओरडा होणार, छत्रीची काडी ओढली गेली. मी बायकांकडे पाहिलं. कोणी दचकलंच नव्हतं. पांढऱ्या केसांच्या, काठी टेकून आलेल्या, माजघरात जन्म काढलेल्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी पुढची ओळ एकदम उचलली, दोरी हातची सोडाया जीव नाही झाला, आणि पाळणा हलवला. पुरावा कोणी मागितला नाही.

घरी येताना मी कमळेवर उखडलो. "अगं, अक्काने स्वतः सांगितलं होतं ना, पूस म्हणून?"

"ते दुरैंच्या यंत्राला," कमळा म्हणाली. "मला कुठे काय सांगितलं होतं?"